दोन माणसांचं काम

स्कूटरचं टायमिंग लावणं हे दोन माणसांचं काम आहे, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. कोणी विचारलेलं नसतानाही सांगत आलो, कारण मला ती खोड आहे. एकाने इंजिनाच्या बाजूचं मॅग्नेटचं चाक हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने आतल्या पॉइंटमध्ये अडकवलेला कागद हलक्या हाताने ओढत राहायचा. चाकावर माझी बायको आणि कागदाला मी, अशी आमच्या घरची वाटणी होती. स्कूटर लग्नाच्या वर्षी घेतली, तेव्हापासून ही वाटणी चालली. दोन वर्षांपूर्वी चाकावरचं माणूस पुण्याला गेलं.

मुलीचं बाळंतपण होतं म्हणून ती तीन महिन्यांसाठी गेली होती. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, निदान काय मिटवायचं ते तरी कळलं असतं. बाळ रांगायला लागलं, मग चालायला लागलं, मग मुलीची रजा संपली, मग बाळाला पाळणाघर मानवेना. प्रत्येक वेळचं कारण खरं होतं. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा. "जेवायला काय केलंत?" मी सांगायचो, बांगडे मिळाले, तिखलं केलं. खरं म्हणजे सकाळचा भात आणि ताक. मग ती बाळाचे पराक्रम सांगायची, मी "हो का, हो का" करायचो आणि फोन ठेवला जायचा. टेलिफोन खात्यात मी सगळी नोकरी लोकांच्या तारा जोडण्यात घालवली. पण तू परत कधी येणार, एवढं एक वाक्य मला त्या फोनवरून विचारता आलं नाही. विचारलं तर ती उत्तर देईल, याची भीती होती.

एकटं राहायची सवय होते म्हणतात. मला झाली नाही. आमचं घर भाट्याचा पूल ओलांडून पुढच्या चढावर आहे, सभोवती कलमांच्या बागा. शेजारची दोन्ही घरं मुंबईकरांची, मे महिना सोडला तर कुलपात. दुपारी झावळ पडली तर तेवढाच आवाज. सुरुवातीला मी दोन वेळचं नीट रांधायचो, पुढे एकाच टोपात भात करून त्याच टोपातून जेवायला लागलो. एकदा टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला मी "बरं, मग?" असं विचारलं, तेव्हा मलाच माझी काळजी वाटली.

मधे मुलीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. माझी बायको पंजाबी ड्रेस घालून, डोक्याला हेल्मेट लावून, बॅटरीवरच्या स्कूटरवर बसली होती. एकटी, हँडल स्वतःच्या हातात. खाली लिहिलं होतं, आईने आज बागेपर्यंत फेरी मारली. मी "छान" एवढं लिहून पाठवलं आणि तो फोटो दिवसभर काढून काढून पाहिला. आमच्या स्कूटरवर ती इतकी वर्षं मागे आडवी बसली. एकदाही मी तिला हँडल धरायला दिलं नाही. तिने मागितलं नव्हतं, पण मीही कधी विचारलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "आमच्या दहावीच्या वर्गाने संगमेश्वरला भेटायचं ठरवलंय. मी येतेय. शनिवारी भावाकडे राहीन आणि रविवारी दुपारच्या गाडीने घरी येते. मंगळवारपर्यंत आहे."

कधी कुठे न जाणारी बाई चाळीस-बेचाळीस वर्षांनी वर्गातल्या मैत्रिणींना भेटायला येणार होती, आणि जाता जाता माझ्याकडे. मला तेही चाललं. मी म्हटलं, "स्टँडवर घ्यायला येतो. स्कूटर घेऊन."

"ती चालते?"

"चालते म्हणजे काय. मस्त चालते."

स्कूटर दोन पावसाळे पडवीत गोणपाटाखाली उभी होती. मी तिला किकसुद्धा मारली नव्हती.

पण माझ्या डोक्यात एक बेत आला होता. समोरासमोर बसून विचारायचं तर तोंड बघावं लागतं, आणि तिचं तोंड बघितलं की माझा प्रश्न चहाच्या साखरेवर जातो, हे मला ठाऊक होतं. स्कूटरवर तसं नसतं. ती मागे, मी पुढे, दोघांची तोंडं रस्त्याकडे. पुलावर वाऱ्यामुळे तसंही मोठ्याने बोलावं लागतं. पुलाच्या मध्यावर आलो की विचारायचं, "तू घरी कधी येणार? कायमची?" उत्तर काहीही आलं तरी चढ संपेपर्यंत मला सावरायला वेळ मिळाला असता. त्यासाठी स्कूटर चालायला हवी होती. माझ्यापाशी पंधरा दिवस होते.

गोणपाट काढलं, इंजिनावरचं झाकण काढलं. खाऱ्या हवेने पॉइंट पांढरे पडले होते. पॉलिश पेपरने घासले, तरी प्लगला ठिणगी येईना. कंडेन्सर गेला होता. गावातल्या जुन्या पार्टच्या दुकानदाराने मागच्या फळीवरचा एक खोका शोधून नवा काढून दिला आणि वर विचारलं, "अजून आहे ती?" कंडेन्सर बदलायचा म्हणजे चाक काढायचं आणि त्याच्या मागची, पॉइंट बसवलेली गोल प्लेट सोडवायची. मी सोडवली. दोन वर्षांची घाण होती, म्हणून थिनर घेऊन ती अशी धुतली की नव्या ताटासारखी चकाकायला लागली. मी हौसेने प्लेट उन्हात धरली आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो.

त्या प्लेटवर एक लाल रेघ होती. अर्धी प्लेटवर, अर्धी तिच्या बाहेरच्या कवचावर. प्लेट परत बसवताना रेघेला रेघ जुळवली की टायमिंग जिथल्या तिथे. ती रेघ माझी बायको ओढायची, स्वतःच्या नेलपॉलिशने. मी कधी नेलपॉलिशच्या बाटलीला हात लावला नाही आणि त्या रेघेचा कधी विचारही केला नाही. ती तिथे असायचीच, घरात मीठ असतं तशी. आता थिनरने प्लेटवरचा अर्धा भाग गेला होता, आणि कवच तर मी त्याच्या आधीच पुसून काढलं होतं.

म्हणजे टायमिंग मुळापासून लावणं आलं. हे वाटतं तितकं अवघड नाही. चाकावर एक खूण असते, कवचावर एक. या दोन खुणा समोरासमोर आल्या की त्याच क्षणी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, कारण तेव्हाच प्लगला ठिणगी पडते. पॉइंट उघडतात ते केसाएवढे, डोळ्याला दिसत नाही. म्हणून त्यांच्यात कागद धरायचा. पॉइंट मिटलेले असले की कागद घट्ट, उघडले की तो सरकतो. कागद सरकला की मी "बस" म्हणायचो आणि ती चाक जागच्या जागी धरायची. मग खुणा जुळल्या का बघायचं. नाही जुळल्या तर चाक काढा, प्लेट किंचित सरकवा, चाक बसवा, पुन्हा पहिल्यापासून.

मी एकटा बसलो. डाव्या हाताने चाक, उजव्या हाताने कागद. चाकात चुंबक असतात. ते हळू फिरवायला गेलं की आधी अडतं आणि मग एकदम झटक्याने पुढे पळतं. नेमकं पॉइंट उघडायच्या जागेवर पळतं. बायको दोन्ही तळव्यांनी ते असं धरायची की चाकाला पळावंसं वाटायचं नाही. माझ्या एका हाताला ते जुमानेना. पहिल्या दिवशी अंदाजाने प्लेट बसवली आणि किक मारली, तर ती उलटी येऊन नडगीवर बसली. मी तिथेच पाय धरून खाली बसलो. कोणी बघायला नव्हतं, त्यामुळे मनसोक्त विव्हळलो.

चौथ्या दिवशी स्कूटर सुरू झाली. मी लहान मुलासारखा खूश होऊन उताराने पुलापर्यंत गेलो. परत येताना निम्म्या चढावर इंजिन तापून बसलं. ठिणगी उशिरा पडत होती. उरलेला चढ मी स्कूटर ढकलत आणली. एक ओळखीचा गॅरेजवाला मोटारसायकलवरून जाताना थांबला. तो मूळचा संगमेश्वरकडचा.

"काका, पॉइंटवाली गाडी आता कोन करीत नाय," तो म्हणाला. "इलेक्ट्रॉनिक किट टाकून देतंय, परत बघायला नको. नायतर हे काम एकल्याचं नाय."

"माहीत आहे," मी जरा तोडूनच म्हटलं. मीच लोकांना सांगायचो ते मला कोणी सांगितलेलं आवडलं नाही.

मग वाटलं, चुकतंय ते कागदामुळे. मी वर्तमानपत्राची पट्टी वापरत होतो, आणि ती जाड पडते. पूर्वी आम्ही सोनाराकडचा गुलाबी कागद घ्यायचो, दागिना गुंडाळून देतात तो. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. तो कुठून यायचा, हे मला कधी माहीत करून घ्यावं लागलं नव्हतं. मी हात पुढे केला की तिच्याकडून कागद हातात यायचा. आता आठवलं की ते कागद ती कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यात ठेवते. दोन वर्षांत मी तिचं कपाट उघडलं नव्हतं. किल्ली नेहमीच्या जागी होती.

डबा हलका लागला. उघडला तर आत फक्त गुलाबी कागद होते. घड्या मोडून, हाताने सपाट करून, एकावर एक नीट रचलेले. दागिना एकही नव्हता. बोरमाळ नाही, पाटल्या नाहीत, सासूबाईंची ठुशी नाही, नथ नाही.

मी पलंगावर बसलो. लेकीच्या बाळंतपणाला जाणारी बाई दोन बांगड्या आणि मंगळसूत्र घालून जाते. नथ घेऊन जात नाही. निघायच्या सकाळी तिने मला लोणच्याच्या बरण्या दाखवल्या होत्या, गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता. मी तिला "तीन महिन्यांसाठी एवढं कशाला" म्हणून हसलोही होतो. ती जाताना सगळं ठरवून गेली होती आणि मी दोन वर्षं बाळाच्या पाळणाघराची चौकशी करत बसलो. मला तिचा राग आला. मग राग टिकेना, कारण ते कागद समोर होते. सगळं सोनं नेणाऱ्या बाईने स्कूटरचे कागद तेवढे सपाट करून ठेवले होते, मला लागतील म्हणून. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

तरी प्रश्न विचारायचाच होता. दागिने काय, मुलीला दाखवायलाही नेले असतील, अशी मी माझी समजूत घालत होतो. पातळ कागदाने काम थोडं सुधारलं, पण चाक पळायचं ते पळतच राहिलं. शनिवारी मी चाक गुडघ्याने दाबून पाहिलं, मांडीत धरून पाहिलं, दाराला बांधून पाहिलं. रविवारी सकाळी हात धुतले आणि रिक्षावाल्याला फोन केला.

ती स्टँडवर उतरली ती हसत. केस कापले होते, खांद्यापर्यंत. "वाळलात," ती म्हणाली. "तिखलं रोज करता ना?" मी मान हलवली. पुलावर वारा होता, पण पुढे रिक्षावाला होता, आणि तो आमच्याच वाडीतला. मी आरशातून त्याच्या डोळ्यांकडे बघत गप्प बसलो. ती खाडीकडे बघत होती.

पडवीत पाय ठेवल्याबरोबर तिला सगळं दिसलं. उघडं इंजिन, पसरलेले पाने, मांडून ठेवलेला गुलाबी कागद. "मस्त चालते," ती म्हणाली. पिशवी आत ठेवून, चहा करून, दोघांचा चहा झाल्यावर ती पाट घेऊन आली आणि इंजिनाच्या बाजूला बसली. "बसा. धरते मी."

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. तिने दोन्ही तळवे चाकावर ठेवले, मी चाकातल्या छोट्या खिडकीतून कागद सारला. "फिरव," मी म्हटलं. "हळू. हळू म्हटलं ना. अगं, किती वेळा सांगायचं, थांब म्हटलं की थांबायचं." माझा तो आवाज मी दोन वर्षांनी ऐकला. तिने चाक सोडलं नाही, पण मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं जुनं गाणं लागलं की माणूस ओळखीने बघतं, तसं पाहिलं.

ती उठली. आत जाऊन परकराची एक लांब नाडी आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. "स्कूटर जरा पडवीच्या कडेला घ्या," ती म्हणाली. मी घेतली. तिने नाडीचं एक टोक वरवंट्याला बांधलं, नाडीचे दोन वेढे चाकावर घेतले आणि वरवंटा पडवीच्या कडेवरून खाली लोंबता सोडला. दुसरं टोक माझ्या डाव्या हातात दिलं. "विहिरीच्या रहाटासारखं धरा. सैल सोडत जा, वरवंटा चाक ओढेल. तुम्ही सोडाल तेवढंच ओढेल."

मी नाडी बोटभर सोडली. चाक बोटभर फिरलं. चुंबकाच्या जागी आलं तरी पळालं नाही, नाडीने त्याला धरून ठेवलं होतं. उजव्या हातातला कागद सरकला आणि मी नाडी आवळली. चाक जागच्या जागी थांबलं. खुणांमध्ये तांदळाच्या दोन दाण्यांएवढं अंतर होतं. चाक काढलं, प्लेट सरकवली, पुन्हा नाडी, पुन्हा वरवंटा. दुसऱ्या खेपेला खुणा एकमेकींसमोर येऊन बसल्या. पंधरा दिवसांचं काम अर्ध्या तासात झालं.

"हे तुला आत्ता सुचलं?" मी विचारलं.

"नाही. मुलगी शाळेत होती तेव्हाच सुचलं होतं. पाणी काढताना."

"मग सांगितलं नाहीस?"

ती पाटावर बसली होती, हाताचं ग्रीस फडक्याला पुसत. "सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही मला हाक मारली असतीत?"

मी आठवून बघितलं. त्या घरात मी तिला कशाकशासाठी हाक मारायचो ते आठवलं. चहा, टॉवेल, आलेला पाहुणा. शेजारी बसायला म्हणून फक्त या एका कामासाठी. एवढ्या एका कामात आमची डोकी दोन-दोन तास जवळ असायची, आणि त्यातही मी तिच्यावर खेकसायचो. खोटं बोलायची माझी तयारी होती, पण तोंडातून निघालं ते "नाही."

"म्हणून नाही सांगितलं."

"आणि आज का सांगितलंस?"

तिने फडकं घडी करून ठेवलं. "मी आता इकडे राहायला येणार नाही हो. येऊन-जाऊन असेन. तुम्हाला यावंसं वाटलं तर या तिकडे, खोली आहे. पण मी नाही यायची." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, त्यामुळे मला भांडायला काही मिळालं नाही. दोन वर्षं जे विचारायचं होतं ते मी विचारलंच नाही आणि त्याचं उत्तर मला पडवीत बसून मिळालं.

"नाडी सोडवा आता," ती म्हणाली, "आणि पहिल्यापासून तुमचे तुम्ही लावून बघा. मी असेपर्यंत एकदा. चुकलं तर सांगते."

मी वेढे काढले आणि माझ्या हाताने पुन्हा घातले. एकदा उलटे पडले, माझं मला कळून मी सुलटे केले. वरवंटा सोडला. कागद सारला. ती पाटावरून उठून पडवीच्या कठड्यावर जाऊन बसली होती, हात मांडीवर ठेवून, पाहुणे बसतात तशी. इतकं एकटं मला त्या दोन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. नाडी सोडत गेलो, कागद सरकला, चाक थांबवलं. खुणा जुळल्या होत्या.

"जमलं की," ती म्हणाली.